ड्रायव्हरशेजारची जागा

१४ नोव्हेंबर

आज कागद गिरणीतून ह्यांच्या वस्तू आल्या. खोके एक, सुतळीने बांधलेले. आत निघाले ते असे :

डबा तीन खणांचा, वरचे झाकण नाही.
छत्री, एक काडी मोडकी.
चष्म्याचे घर, रिकामे. (चष्मा घरीच आहे.)
चपलांचा जोड, डावी टाच झिजलेली.
उशी लहान, चौकोनी, खादीची. आपल्या घरची नाही.
पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी, अर्धी.

आणणावळ वीस. सुतळी न कापता सोडवली, गुंडाळून ठेवली.

उशीचा आणि गोळ्यांचा उलगडा होत नाही. हे गोड खात नसत. दुसऱ्या कुणाच्या वस्तू चुकून आल्या असतील तर परत करायला हव्यात. छत्री दुरुस्त होईल.

हे ऑक्टोबरच्या अखेरीस गेले. रात्री जेवले, झोपले, सकाळी उठले नाहीत. मी चहा ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. मग चहा ओतून दिला.

आता पाहुणे गेले आहेत. घर झाडून घेतले. मला रडू आलेले नाही. शेजारीण म्हणते, "येईल हो, वाट बघा." टपाल उशिरा येते तसे म्हणते. देवापुढे बसले, पण मागायचे काय ते सुचेना, म्हणून नुसतीच बसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाऊजी आणि जाऊबाई येऊन गेले. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. माणूस सरळ आहे, पण प्रत्येक गोष्ट उरकून टाकायची घाई.

"वहिनी, एकटीनं इथं काय करणार? मूलबाळ नाही, कुणी नाही. आमच्याकडची मागची खोली रिकामीच आहे. हे घर भाड्यानं देऊ."

"दुपारी ऊन येतं तिथं छान," जाऊबाई म्हणाल्या. त्यांची नजर भांड्यांच्या फळीवर होती. "कुकर दोन कशाला ठेवलेत? एकट्या जिवाला एकसुद्धा मोठाच."

डिसेंबरअखेर टेंपो घेऊन न्यायला येतो असे ठरले. मी हो म्हटले. नाही म्हणायला काही कारण लागते, ते माझ्यापाशी नव्हते.

आठवण म्हणून भाऊजींनी ह्यांचे घड्याळ आणि राखाडी मफलर नेला. मफलर मीच विणलेला. "थंडीत दादाची आठवण राहील," म्हणाले. मी कागदात गुंडाळून दिला. कागद चांगला होता, तो परत मागायला हवा होता.

१९ नोव्हेंबर

गिरणीचे पत्र. ह्यांच्या हिशेबासाठी कागदपत्रे घेऊन समक्ष यावे.

आमच्या गावात राहायला घरे आहेत, काम नाही. काम सगळे गिरणीच्या गावात, गाडीने तासाभरावर. बस पहिली सुटते ती कामाची वेळ उलटल्यावर. म्हणून पहाटे चौकातून बांधलेल्या गाड्या सुटतात. दहाएक माणसे मिळून एक गाडी, जो तो आपल्या ठरलेल्या जागेवर. तीन महिन्यांचे भाडे आगाऊ. ह्यांचे डिसेंबरअखेरपर्यंत भरलेले आहे. चौकशी केली तर परत मिळत नाही, मात्र घरातले माणूस त्या जागेवर बसू शकते.

ह्यांची जागा ड्रायव्हरशेजारची, अर्ध्या भाड्याची. अकरा वर्षांपूर्वी मीच मागे लागले होते, जरा स्वस्तातली जागा मिळते का बघा. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, मिळाली. पुढे बोचरा वारा लागतो आणि पायाशी इंजिनाची धग, त्यामुळे स्वस्त असावी असे मी धरून चालले.

उद्या जाते. भरलेली जागा रिकामी धावते हे काही बरे नाही.

२० नोव्हेंबर

अंधारात निघाले. चौकात सगळे माना आत घालून उभे होते. ड्रायव्हरला कप्तान म्हणतात. डोळे तांबारलेले, कारण तो मध्यरात्रीपासून वर्तमानपत्रांचे गठ्ठे पोचवतो आणि मग आमची गाडी काढतो. मला बघून खाली उतरला, दार उघडून धरले. "वहिनी, बसा. दादांची जागा."

जागा कशी तर लोखंडी पेटीवर पत्रा. आता उशी कसली ते कळले. उद्यापासून नेईन.

मागे आठ-नऊ जण. तिघांची ओळख झाली. इस्पितळातल्या नर्सबाई, शाळेतले चित्रकलेचे सर, आणि पैलवान म्हणून एक जण आहे, तो गिरणीच्या वजनकाट्यावर असतो. अंगाने इतका काटकुळा की त्यालाच काट्यावर ठेवले तर काटा हलणार नाही. मला काकू म्हणतो.

माणसे सभ्य वाटली होती, पण गाडी सुटल्यावर पैलवान मोठ्याने पाढे म्हणू लागला. तेवीसच्या पाढ्यात अडला तर कप्तानाला विचारतो, "तेवीस साते?" सरांनी कोडी घातली. नर्सबाई खोकल्यासारखे करून गाणे म्हणाल्या. शिकलेली माणसे आणि भल्या पहाटे हा कालवा. मी डोळे मिटून जप केला. गाडीत रेडिओ आहे, तो लावत नाहीत. कप्तान म्हणाला, "बंद आहे, वहिनी."

कचेरीत तीन टेबले फिरले. एका कागदावर ह्यांची सही हवी होती. मी म्हटले, ती आता कशी मिळणार. कारकून म्हणाला, "तेही खरंच," आणि परवा या म्हणाला.

२२ नोव्हेंबर

परत गेले. कारकून रजेवर. संध्याकाळच्या परतीच्या गाडीपर्यंत इस्पितळाच्या बाकावर बसले. नर्सबाईंनी चहा दिला.

२६ नोव्हेंबर

आज मोठ्या साहेबांनी आत बोलावले. वयाने लहान आहेत. म्हणाले, "निवडणी खात्यात एक जागा आहे. बायका कागद मोजतात, डागाळलेले बाजूला काढतात. आपण मॅट्रिक आहात, पुरेसं आहे. तीस डिसेंबरपर्यंत कळवा. नंतर दुसऱ्याला द्यावी लागेल."

मी म्हटले, घरच्यांना विचारते. बाहेर आल्यावर आठवले की घरी कुणी नाही. घरचे म्हणजे आता भाऊजी. त्यांना पत्र टाकले. पोस्टकार्डच लिहिले, त्यात मावले.

२ डिसेंबर

कचेरीत आता माझे काम उरलेले नाही, सह्या झाल्या. तरी रोज जाते. भाडे भरलेले आहे.

नर्सबाईंनी विचारले, "ताई, आज काय काम काढलंत?"

"काही नाही. जागा भरलेली आहे."

मग कापसाचा गठ्ठा पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "बोळे करता येतात?" दिवसभर कापसाचे बोळे केले. हात चालत होते, बरे होते.

भाऊजींचे उत्तर आले. "या वयात नोकरी कशाला? लोक आम्हांला काय म्हणतील? खोलीला रंग देतो आहोत. रंग कोणता हवा?" विचार केला, पण एकही रंग डोळ्यांपुढे येईना. कोणताही चालेल असे कळवले.

५ डिसेंबर

आज गाडीला अपघात झाला. कुणी दगावले नाही, देवाची कृपा.

काय झाले ते लिहिते, कारण त्यात माझी चूक आहे. पैलवान रजेवर होता. सरांचा घसा बसलेला. नर्सबाई रात्रभर गावातल्या एका आजाऱ्यापाशी जागून तशाच पाळीला निघालेल्या, त्यांचा डोळा लागला. गाडीत शांतता होती. मी मनात म्हटले, आज लोकांना सुबुद्धी सुचली. जप चालू केला. मध्येच कप्तानाकडे लक्ष गेले तर त्याचे डोळे मिटलेले, मान खाली, ओठ किंचित हलत होते. मला वाटले, तोही प्रार्थना करतो आहे. चांगले वाटले. त्याला संकोच नको म्हणून मी तोंड फिरवले.

गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि मैलाच्या दगडाला थडकली. एक दिवा फुटला. कप्तानाची भुवई फुटली. माझ्या गुडघ्याला खरचटले, बाकी काही नाही.

रस्त्याच्या कडेला नर्सबाईंनी त्याला पट्टी बांधली. तो मला म्हणत होता, "वहिनी, चुकलो. माफ करा." मी म्हटले, "मला वाटलं तुम्ही देवाचं नाव घेताय." तेव्हा घसा बसलेले सर असे काही हसले की त्यांना ठसका लागला. मग सगळेच हसले, कप्तानसुद्धा, पट्टी धरून. मला हसण्यासारखे काय ते कळेना.

नर्सबाईंनी मला बाजूला नेले.

"ताई, तुम्हांला कुणी सांगितलंच नाही. आमचंच चुकलं. त्या जागेला अर्धं भाडं का, ठाऊक आहे?"

"वारा लागतो म्हणून."

"नाही हो. पुढच्यानं बोलायचं आणि मागच्यांनी झोपायचं, असा या गाड्यांचा रिवाज आहे. कप्तान रात्रभर जागा असतो. पुढच्या माणसानं जाताना-येताना त्याला बोलतं ठेवायचं. त्याचं अर्धं भाडं आम्ही बाकीचे भरतो. तुमच्या दुःखात तुम्हांला कसं सांगायचं, म्हणून आम्हीच मागून आळीपाळीनं ओरडत होतो."

मी म्हटले, "पण ही तर ह्यांची जागा होती. हे बोलत नसत."

"कोण? दादा? आम्ही त्यांना बातमीदार म्हणायचो. ताई, अकरा वर्षं त्या माणसाचं तोंड मिटलं नाही. तोंडाची चव गेली तर पेपरमिंट, एक स्वतःला, एक कप्तानाला."

दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असतील. घरी ह्यांच्या तोंडून शब्द चिमट्याने काढावा लागे. पण पुडी तर खोक्यात होती.

६ डिसेंबर

अर्ध्या भाड्याच्या जागेवर पंधरा दिवस फुकट बसले, म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने बसले. हे मनाला लागले आहे. महिनाअखेरपर्यंत जेवढे दिवस आहेत तेवढे काम करून फेडायचे. मग जायचेच आहे.

७ डिसेंबर, रविवार

काय बोलायचे याची तयारी केली. पोथीतला एक अध्याय वाचून दाखवावा असे ठरवले. कानावर चांगले पडेल.

८ डिसेंबर

दुसरे पान उलटले नाही तोच कप्तानाची मान लवू लागली. मागून पैलवान ओरडला, "काकू, थांबा. देवाचं ऐकलं की याला शांत झोप लागते, पापी माणूस आहे. जरा कुणाची तरी निंदा करा."

मी म्हटले, निंदा मी करत नाही.

"मग नुसतं खरं सांगा. निंदा आपोआप होईल."

मग मी शेजारणीचे सांगायला घेतले. तिने आमची शिडी नेली होती, महिना झाला तरी आणून देईना. मी मागायला गेले तर ती माळ्यावर...

"...आणि म्हणते कशी, आता दिली तर मी उतरू कशी?" मागून पैलवान.

"तर ताई म्हणाल्या, मग उतरा आणि द्या," नर्सबाई.

"तर ती म्हणते, उतरले तर पुन्हा चढायला तुमच्याकडेच मागायला यावं लागेल," सर, बसक्या आवाजात. आणि गाडीभर हशा.

मी मागे वळून पाहिले. ही गोष्ट मी ह्यांच्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती. शेजारधर्म म्हणून.

"तुम्हांला कसं ठाऊक?"

कप्तान म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरातलं आम्हांला सगळं ठाऊक आहे. दूधवाल्याला तुम्ही विचारलंत ना, दूध घालायला आलास का विहीर दाखवायला? आणि देवापुढची वात बारीक करताना देवाला म्हणालात, तू स्वतःच प्रकाश आहेस, तुला तेल कशाला?"

शेवटचे ऐकून कान गरम झाले. ते मी देवाशी बोलले होते. हे पलीकडे बूट काढत होते, मला वाटले लक्ष नाही.

संध्याकाळी येताना मी बोलले नाही. पैलवानाने पाढे म्हटले.

९ डिसेंबर

गेले नाही. गुडघा दुखतो असे कळवले. तसा दुखत नव्हता.

दिवसभर एकच विचार. घरातले बोलणे चौकातल्या गाडीत. रोज संध्याकाळी हे आले की बूट काढताना विचारायचे, "आज काय विशेष?" एवढेच दोन-तीन शब्द. मग मी दिवसाचे सगळे सांगायची, ताट वाढता वाढता, भांडी आवरता आवरता. हे ऐकायचे. हसणे नाही, हूं नाही. मला वाटे, जेवताना भिंत बघण्यापेक्षा मला बघतात इतकेच. आणि हे मात्र ते जमा करून सकाळी अर्ध्या भाड्यात विकत होते.

हिशेबाने बघितले तर अकरा वर्षे अर्धे भाडे मीच भरत होते. मला सांगितले असते तर काय बिघडले असते? सांगितले असते तर मी सांभाळून बोलले असते. मग ते बोलणे कप्तानाला जागे ठेवायच्या उपयोगाचे राहिले नसते. तेही खरे.

१० डिसेंबर

गेले. कप्तान म्हणाला, "वहिनी, राग आला?"

"आला होता. हिशेब केला, गेला."

नर्सबाईंना हळूच विचारले, हे सांगताना हसत होते का.

"हसायचे? डोळ्यांतून पाणी यायचं हसून हसून. निम्म्या वेळा गोष्ट पुरी होत नसे, शेवट आम्हीच ओळखायचा. मग चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, काय बाई आहे, काय बाई आहे."

ह्यांचे हसणे मला आठवत नाही. फोटोतही नाही. एकदा मी चिडून म्हटले होते, एवढं सांगते मी, निदान हसा तरी. तर म्हणाले, "उद्या हसेन." मला ते अर्थ नसलेले बोलणे वाटले होते. जेवताना दमलेला माणूस काहीही बोलतो.

आज जुने दोन-तीन प्रसंग सांगितले. सगळे त्यांना पाठ. तरी कप्तान जागा राहिला, कारण मी कुठे चुकते ते तो पकडत होता. म्हणतो, दादा हे जास्त चांगलं सांगायचे. सांगणारच. बोलायची मेहनत माझी, रंगवायची त्यांची.

१५ डिसेंबर

अडचण अशी की सांगायला नवीन काही नाही. दिवसभर कापसाचे बोळे, संध्याकाळी घर. घरी काही घडतच नाही. पूर्वी दर दिवशी काहीतरी घडायचे. संध्याकाळी सांगायचे असायचे म्हणून घडत होते की काय, कोण जाणे.

कप्तानाला बाजारातले बटाट्याचे भाव सांगितले. तेवढ्यावर पूल आला. पुढे पाढे.

१८ डिसेंबर

भाऊजींचे पत्र. खोलीला पिस्ता रंग दिला. एकतीसला सकाळी टेंपो. भाडेकरू मिळाला आहे, नवरा-बायको, भिंतीला खिळे ठोकू नका म्हणून सांगितले आहे. जाऊबाईंनी खाली स्वतः लिहिले आहे, "तुम्ही आल्यावर मला सोबत होईल. कुणाशी बोलायलाच मिळत नाही." वाचून जाऊबाईंचे वाईट वाटले. त्यांच्याकडे कधी तसे बघितले नव्हते.

अर्धे सामान बांधले. खोक्याची सुतळी उपयोगी पडली.

२३ डिसेंबर

पैलवान म्हणाला, "काकू, जायच्या आधी निवडणी खातं बघून तरी घ्या. घेऊ नका, बघा." मी म्हटले, बघायला पैसे पडत नाहीत.

मोठे दालन, वर काचा, लांब टेबले. टेबलाशी बायका उभ्या. कागदाचा गठ्ठा कोपऱ्याला धरून पंख्यासारखा उघडतात आणि बोटांनी पाच-पाचचे पदर मोजतात. नजर कागदावर, डागाळलेला दिसला की तो न थांबता बाजूला. मोजणे बोटांनी चालते, त्यामुळे तोंडे मोकळी. आणि ती तोंडे काय चालतात! एका टेबलावर एकीच्या सासूचे चालले होते. सासूने रागाने बोलणे सोडले आहे, सगळे पाटीवर लिहून दाखवते. पण सासूला लिहिता येते ते निम्मेच, म्हणून सून पाटी घेऊन सासूलाच विचारायला जाते, हे काय लिहिलंय. आणि सासू बोलायचे नाही म्हणून पुन्हा लिहिते. दुसरी म्हणाली, "बाई, पाटी फोड म्हणजे संसार सुरळीत होईल." पहिली म्हणाली, "फोडली होती. भिंतीवर लिहायला लागली."

मुकादम बाई म्हणाल्या, हात लावून बघा. मी एक गठ्ठा मोजला. भाजीचे सुटे पैसे मोजायची सवय कामाला आली.

संध्याकाळी गाडीत पाटीचे सांगितले. कप्तान स्टिअरिंगवर हात आपटून हसला. मागे कुणीतरी झोपेतून उठून विचारले, काय झालं, काय झालं. पैलवानाला पुन्हा सांगावे लागले. ही गोष्ट त्यांच्यातल्या कुणालाच आधी ठाऊक नव्हती.

घरी येऊन दिवा लावला. सवयीने ह्यांच्या बुटांच्या जागेकडे पाहिले. ही गोष्ट घरी कुणाला सांगायची राहिली.

२४ डिसेंबर

पहाटे बसल्या बसल्या कप्तानाने गाडी सुरू केली, दोन्ही हात चोळले आणि म्हणाला, "हां वहिनी. आज काय विशेष?"

मला बोलता आले नाही. पूल गेला, विटांची भट्टी गेली, मैलाचा तो दगड गेला. मागून पाढे सुरू झाले. डोळ्यांतून पाणी येत होते. पुढे वारा फार लागतो. नर्सबाईंनी मागून हात पुढे करून माझ्या खांद्यावर ठेवला, तो गिरणीचे धुराडे दिसेपर्यंत काढला नाही. पुडीतली एक गोळी कप्तानाला दिली, एक मी खाल्ली. तिखटगोड लागते.

२८ डिसेंबर, रविवार

देवापुढे बसले. आज मागायचे ते ठाऊक होते, पण मागितले नाही. सांगितले. सुतळी सोडवून कुकर फळीवर ठेवले, दोन्ही. जाऊबाई आल्या तर मोठा लागेल.

२९ डिसेंबर

साहेबांना हो म्हणून सांगितले. सही केली. कप्तानाकडे जानेवारी ते मार्चचे भाडे भरले, अर्धे. तो म्हणाला, "वहिनी, त्या जागेला आणखी दोघं रांगेत होते. पण त्यांच्या घरी कुणी बोलतच नाही."

भाऊजींना पत्र आजच जलद टपालाने पाठवते. उद्या मिळेल, म्हणजे टेंपो निघणार नाही. नक्कल येथे ठेवते.

"भाऊजींस आणि जाऊबाईंस अनेक आशीर्वाद.

टेंपो आणू नये. ठरवलेले मोडते आहे, त्याचा राग मानू नये. मी गिरणीत निवडणी खात्यात पहिल्या तारखेपासून रुजू होत आहे. लोक काय म्हणतील ते म्हणोत. त्यांच्यापैकी कुणी मला पहाटे सोबत करणार नाही, गाडीतले करतात. भाडेकरूंची गैरसोय झाली, त्यांना माझ्या वतीने सांगावे. पिस्ता रंगाचा खर्च सवडीने कळवावा, अर्धा मी देईन.

जाऊबाईंनी दर महिन्याला चार दिवस इकडे येऊन राहावे. मला बोलायला हवेच असते, आणि त्यांनाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखे काय काय असेल ते लक्षात ठेवून यावे, विसरू नये.

एक मागणे आहे. ह्यांचा राखाडी मफलर आपण आठवण म्हणून नेला आहे. दिलेली वस्तू परत मागू नये हे मला कळते. परंतु माझी जागा ड्रायव्हरशेजारची आहे, तिथे वारा लागतो आणि त्या जागेला घसा लागतो. घड्याळ आपल्याकडेच राहू द्यावे. मफलर पाठवता येईल किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे."